तलावाचा पडदा

एकोडीतल्या ताराचंद कापगतेला अर्धं गाव बॉयलरवाला म्हणायचं आणि अर्धं गाव पेंटर. दोन्ही खरंच होतं. साकोली रस्त्यावरच्या भैय्यालाल सेठच्या राईस मिलमध्ये त्यानं एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. भट्टीत धानाचा कोंडा टाकायचा, वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची, उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या टाक्यांना वेळेवर वाफ सोडायची, हे त्याचं काम. घरची अडीच एकर धानाची शेती होती, ती बायको कुंताबाई बघायची. चित्रं काढायला मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दिवाळी झाली आणि धान घरात येऊ लागलं की या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, दंडारीचा नाच आणि रात्री नाटक. पोरपणी ताराचंद दुपारीच स्टेजजवळ जाऊन बसायचा. लोक नट बघायला यायचे, हा पडदे बघायला. महालाचे खांब कसे काढलेत, जंगलातली लांबची झाडं फिक्की का आणि जवळची गर्द का, हे तो बघूनबघूनच शिकला.

एकोडीच्या नवयुवक नाट्य मंडळाकडे तेव्हा स्वतःचा एकही पडदा नव्हता. दरवर्षी भाड्यानं आणायचे. मिलला पंचवीस वर्षं झाली त्या साली भैय्यालाल सेठला नाटकाचा उमाळा आला. त्यानं मांजरपाटाचे तागेच्या तागे मंडळाच्या हवाली केले आणि सांगितलं, की आता आपल्या गावाचे पडदे आपल्या गावानंच करायचे. गावातल्या बायांनी पट्टे जोडून शिवले. ताराचंदनं मिलच्या आवारात, धान वाळवायच्या सिमेंटच्या पटांगणावर कापड अंथरलं, त्याला तांदळाच्या पेजेची खळ दिली आणि तीन महिने सुट्टीच्या दिवशी गुडघे टेकून रंगवत बसला. निळीचं आभाळ, गेरूची भिंत, आणि काळा रंग म्हणून बॉयलरच्या धुराड्यातली काजळी. महाल, जंगल, रस्ता, झोपडी आणि तुरुंग असे पाच पडदे झाले. प्रत्येकाच्या खालच्या काठावर सेठच्या मानासाठी त्यानं लिहिलं, 'भैय्यालाल राईस मिल यांच्या सौजन्याने'. त्या वर्षीच्या नाटकाच्या छापील पत्रकावर मंडळानं मोठ्या अक्षरांत जाहीर केलं, की यंदा मंडळाचे स्वतःचे पाच पडदे, आणि पाचांची नावंही छापली.

सहावा पडदा तीन वर्षांनी झाला. तो कोणी सांगितला नव्हता.

त्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ताराचंद सकाळची पाळी संपवून घरी येत होता. समोर गावच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, कुंता चालली होती. चिखलातलं काम आटोपून, पाय धुऊन, पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन. लहान असताना ती बैलांच्या खासरावरून पडली होती, तेव्हापासून डावा पाय जरा जपून टाकायची. त्यामुळे उजवी टाच उचलली की क्षणभर ती तशीच थांबल्यासारखी दिसायची, आणि मग पुढचं पाऊल पडायचं. पंधरा वर्षांच्या संसारात त्यानं हे हजार वेळा बघितलं असेल. त्या दिवशी मात्र तो सायकल धरून उभाच राहिला.

मिलच्या कोठीत मांजरपाटाचा एक जुना तागा पडलेला होता. तो त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. घरी बोलला तेव्हा कुंता म्हणाली, "मिलचं कापड हाय. विचारल्याबिगर हात नोका लावू." मग तो सेठकडे गेला. सेठनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "ले जा. लेकिन हा पडदा मिलचा राहील, बरं का. दिवाळीच्या पूजेले मिलमंदी लागंल. मंडईले मंडळाले वापरू देऊ." ताराचंदनं मान डोलावली. त्याला पडदा कोणाचा राहणार याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, रंगवायला मिळणार होता एवढं पुरे होतं.

त्यानं तलाव काढला. पलीकडची पाळ, तिच्यावरची मोहाची झाडं, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि त्या पायऱ्या चढून जाणारी, कमरेवर गुंड घेतलेली एक पाठमोरी बाई. कुंता एका दुपारी त्याची शिदोरी घेऊन आली, तेव्हा तिनं ते बघितलं. आधी म्हणाली, की तोंड काढू नका, लोक हसतील. त्यानं सांगितलं, तोंड नाहीच, पाठच आहे. ती पडद्याच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली.

"पाय असाच टाकतो का मी?" तिनं विचारलं.

"असाच," तो म्हणाला.

तिनं डबा ठेवला आणि ती निघाली. फाटकापर्यंत जाताना मात्र तिची चाल जरा अवघडलेली होती, कोणी बघत असलं की माणूस चालतं तशी.

मंडईत तो पडदा पहिल्यांदा टांगला तेव्हा ताराचंदला कळलं, की आपल्याकडून आपल्याला न कळत एक गोष्ट झाली आहे. मोकळ्या मैदानातला वारा पडद्यात भरला की कापड हलकंच पुढे यायचं आणि मागे जायचं, आणि त्याबरोबर ती पाठमोरी बाई पायरी चढायची. टाच उचलायची, थांबायची, टेकायची. पुढे वीस वर्षं दर मंडईला तो स्टेजसमोर त्याच एका पडद्यासाठी बसला. शेजारी कुंताही असायची, पण ती नाटकात रमलेली असायची.

सेठ गेला. मुलांनी मिलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली होतीच, आता तिला नव्या मशिनी आल्या, नवं ऑफिस आलं, मोठं कर्ज आलं. पडदे मात्र पूर्वीसारखेच मिलच्या माळ्यावर राहायचे, कारण तिथं बॉयलरच्या उबेनं ओल लागत नसे. मंडई आली की मंडळाची माणसं ट्रॅक्टर घेऊन यायची आणि झाली की परत आणून ठेवायची. पाच कोणाचे आणि सहावा कोणाचा, हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

एका भादव्यात कुंताबाईला ताप आला. साकोलीला नेली, तिथून भंडाऱ्याला नेली, आणि आठव्या दिवशी ती गेली. दोन महिन्यांनी मंडई भरली. ताराचंद गेला नाही. लोक काय म्हणतील म्हणून नाही. तिची रिकामी जागा शेजारी ठेवून ती समोर पायरी चढताना बघणं त्या वर्षी त्याच्यानं झालं नसतं. पुढच्या वर्षी बघू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढच्या वर्षी कोरोना आला, मंडई भरलीच नाही. मिल त्याआधीच बंद पडली होती. बँकेची माणसं आली, गोदामांना कुलपं लावली, कुलपांवर लाखेचं सील मारलं, आणि सहाही पडदे आत राहिले.

घरात कुंताचे फोटो होते. मुलगी मेघा हिच्या लग्नाच्या अल्बमात तर पुष्कळ होते. पण सगळ्या फोटोंत ती ताठ उभी, हनुवटी वर, कॅमेऱ्याकडे जरा भ्यायलेली. ताराचंद अल्बम उघडायचा आणि मिटायचा. ही फोटो काढून घेणारी बाई होती. चालणारी बाई मिलच्या माळ्यावर गुंडाळून पडली होती.

आठवड्यातून दोनदा तरी तो सायकलवर मिलच्या फाटकापर्यंत जायचा. तिथला चौकीदार राजकुमार जुना ओळखीचा, मिल चालू असताना हमाली करायचा. तो खुर्ची द्यायचा, तंबाखू द्यायचा, पण आत सोडायचा नाही. त्यालाही तसा हुकूम नव्हता. ताराचंदही कधी म्हणाला नाही, की सोड. तो फाटकाच्या गजांतून माळ्याच्या खिडकीकडे बघत बसायचा. खिडकीची एक काच फुटली होती. त्यातून पारवे आत जात आणि बाहेर येत. पारवे आत काय करत असतील, या विचारानं त्याचा जीव खालीवर व्हायचा.

अशी जवळजवळ चार वर्षं गेली. मग एक दिवस मेघाचा वरठीहून फोन आला. तिचा नवरा तिथल्या स्टीलच्या कारखान्यात कामाला होता. पेपरात जाहिरात आली होती, की मिलची कंपनी आता मोडीत निघाली आहे आणि सरकारी न्यायाधिकरणानं लिक्विडेटर, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमला आहे. कंपनीकडे ज्यांचं काही येणं असेल किंवा ज्यांची वस्तू कंपनीच्या ताब्यात असेल, त्यांनी पुराव्यासकट दावा सांगावा. नंतर उरलेलं सगळं लिलावात जाईल.

मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर मंडळाची बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष गोमाजी, सत्तरी ओलांडलेले, एके काळचे खलनायक. अजूनही साधं बोलले तरी मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायचे. अडचण अशी होती, की मंडळाची कुठं नोंदणी नव्हती, पडद्यांची कसली पावती नव्हती, आणि प्रत्येक पडद्यावर मिलचं नाव होतं. कंपनीच्या जुन्या मालकांनी दिलेल्या यादीतही 'नाटकाचे पडदे, सहा नग' असं कंपनीचा माल म्हणून लिहिलेलं होतं. बराच खल झाला. शेवटी गोमाजींना आपल्या ट्रंकेतलं ते जुनं छापील पत्रक आठवलं. पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मेघानं फॉर्म भरला. दावा सहाही पडद्यांचा केला.

लिक्विडेटर म्हणजे नागपूरच्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर अतुल नावाचा सहायक होता, तो हातात याद्या घेऊन हिंडत होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी दावा सांगणाऱ्या सगळ्यांना मिलवर बोलावलं. कोणाचा ट्रक आत अडकला होता, कोणाचा वजनकाटा. ऑफिसच्या व्हरांड्यात टेबल टाकून मॅडम एकेकाला ऐकत होत्या. मंडळाची पाळी आली तेव्हा गोमाजी, ताराचंद आणि मेघा पुढे येऊन खुर्च्यांवर बसले.

मॅडमनी पत्रक दोनदा वाचलं, उजेडाकडे धरून बघितलं, छापखान्याचं नाव आणि साल टिपून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की दुसऱ्याची वस्तू कंपनीकडे नुसती ठेवायला असेल तर ती विकायचा अधिकार त्यांना नाही, ती परत द्यावीच लागते. पडद्यावर 'सौजन्याने' लिहिलं म्हणून पडदा मिलचा ठरत नाही, उलट मिलनं तो कोणाला तरी दिला असाच त्याचा अर्थ होतो. आणि हे पत्रक भांडण उभं राहण्याच्या कितीतरी आधी छापलेलं आहे, म्हणून ते त्या मानतात. गोमाजींचा चेहरा फुलला.

"पण यात पाचच पडदे आहेत," मॅडम म्हणाल्या. "सहावा, तलावाचा, यात नाही."

"तो मागून झाला, मॅडम," गोमाजी लगेच म्हणाले. "पन मंडळाचाच हाय. कापड सेठनं मंडळालेच देल्लं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ताराचंदकडे वळल्या. "रंगवला तुम्हीच ना? तुम्ही सांगा. कापड कोणाचं होतं?"

गोमाजींनी त्याच्या पाठीला हलकेच बोट लावलं. खरं तर त्याची गरज नव्हती. काय बोलायचं ते ताराचंदला कळत होतं. एक शब्द बोलला असता तर पडदा संध्याकाळपर्यंत गावात आला असता. सेठ नव्हता, सेठच्या मुलांना काही ठाऊक नव्हतं, कागदावर कुठं काही नव्हतं. चार वर्षं तो ज्याच्यासाठी फाटकाशी बसला ते त्या एका शब्दापलीकडे होतं. पण तो शब्द जिभेवर आला तशी कुंता आठवली, चुलीपुढं बसलेली, विचारल्याबिगर हात लावू नका म्हणणारी. ज्या बाईनं त्याला तेव्हा विचारायला पाठवलं होतं, तिलाच आता खोटं बोलून घरी आणायचं, हे त्याला जमेना.

"मिलचं होतं," तो म्हणाला.

"सेठनी तुम्हाला दिलं होतं का?"

"रंगवाले देल्लं होतं जी. पडदा मिलचा राहील म्हणूनच बोलले होते. मी हो म्हटलं होतं."

मेघानं चमकून बापाकडे बघितलं. गोमाजी खुर्चीत मागे टेकले. मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला हे कळायचा मार्ग नव्हता."

"मले तं मालूम होतं न जी."

मॅडमनी चष्मा पुसला. मग सावकाश सांगितलं, की पाच पडदे मंडळाला परत मिळतील. सहावा कंपनीचा ठरतो, आणि जे कंपनीचं आहे ते विकणं त्यांना भाग आहे, कारण त्यावर ज्यांचं ज्यांचं येणं आहे त्या सगळ्यांचा हक्क आहे. त्यांच्या मनात असलं तरी तो कोणाला देता येत नाही. हा निर्णय मान्य नसेल तर चौदा दिवसांत वर अपील करता येतं. ताराचंदनं मान हलवली. निर्णय बरोबर होता, अपील कशाचं करायचं? त्यानं एवढंच विचारलं, की विकायच्या आधी एकदा उघडून बघता येईल का.

मॅडम स्वतः उठल्या. सील तोडून राजकुमार आणि अतुल माळ्यावर चढले आणि बांबूला गुंडाळलेला तो लांबलचक पडदा खांद्यावर घेऊन उतरले. ज्या पटांगणावर तो रंगवला होता तिथंच त्यांनी तो उलगडत नेला. आधी आभाळ आलं. त्याचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. मग मोहाची झाडं, मग पाणी. घड्यांवर रंग तडकला होता, नीळ उडून पाणी राखेसारखं झालं होतं. शेवटी पायऱ्या आल्या.

ताराचंदला पहिल्यांदा ती दिसलीच नाही. त्याच्या डोक्यात ती पडद्याच्या मधोमध होती, माणसाएवढी. इथं ती उजव्या अंगाला होती, आणि जेमतेम दोन वितींची. लुगडं हिरवं आठवत होतं, ते जांभळं निघालं. चार वर्षं रोज आठवून त्यानं ती मोठी केली होती, पुढे आणली होती, तिचे रंग बदलले होते. तो खाली बसला, कापडाला हात न लावता अगदी जवळ वाकला. टाच मात्र जशीच्या तशी होती. उजवी, उचललेली, टेकायची राहिलेली.

मेघा सकाळपासून घुश्शात होती. एका जुन्या पडद्यापायी बाबा उन्हातान्हात फिरतात, आणि मिळायची वेळ आली तर स्वतःच नाही म्हणतात, याचा तिला राग आला होता. ती मागून येऊन उभी राहिली. मग खाली बसली.

"हे आई हाय," ती म्हणाली. "बाबा, तुमी मले कधी सांगतलं काहून नाही?"

त्याला वाटत आलं होतं, की ही कुंता आहे हे सगळ्यांनाच दिसतं.

मेघानं मोबाईलवर पुष्कळ फोटो काढले. घरी येऊन दोघांनी बघितले. पूर्ण पडदा घेतलेल्या फोटोत आई मुंगीएवढी होती, आणि बोटांनी मोठी केली की तिचे चौकोनी ठिपके होत होते. जवळून काढलेल्यात टाच नीट आली होती. छान आलेत, असं ताराचंद म्हणाला आणि मोबाईल परत दिला. फोटोतला पडदा जमिनीवर पडलेला होता. त्यात वारा नव्हता.

पाच पडदे वाजतगाजत गावात आले. गोमाजी मात्र दोन-तीन महिने ताराचंदशी बोलले नाहीत. मोठेपणा दाखवायला याला आमचाच पडदा मिळाला, असं ते पारावर म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं. त्याचं त्याला वाईट वाटलं, पण त्यानं उलट निरोप धाडला नाही. पाचही पडदे अंगणात टाकून त्यानं ठिगळं लावली, तडे बुजवले, आणि तुरुंगाचे गज नव्यानं काळे केले. अखेर गोमाजीच एक दिवस चहा प्यायला येऊन बसले आणि यंदाच्या नाटकाचं बोलू लागले.

लिलावात मिलचं किरकोळ सामान तुमसरच्या एका भंगारवाल्यानं उचललं. पडदा त्यातच गेला. तो पोत्यांवर टाकायला जाईल, नाहीतर फाडून पुसायला, असं ताराचंदनं धरून ठेवलं होतं. जेवण जाईना, सायकल अंगणातून हलेना. पण दिवाळीच्या सुमारास राजकुमारनं खबर आणली. तुमसरच्या निकेश नावाच्या बिछायत केंद्रवाल्यानं भंगारातून तो पडदा निवडून घेतला होता. मंडप, खुर्च्या, माईक यांच्याबरोबर तो आता मंडईला गावोगाव भाड्यानं देणार होता.

मेघानं निकेशला फोन लावला. पडदा विकत देता का, असं विचारलं. सीझनभर बुकिंग झालंय, नंतर बघू, असं तो म्हणाला. ताराचंदनं मेघाला खुणेनं सांगितलं, की फक्त गावांची नावं आणि तारखा विचार.

त्या वर्षी कार्तिकात तो सात गावं फिरला. दुपारच्या एसटीनं निघायचा. स्टेज बांधणारी माणसं बांबू रोवत असायची, जिलेबीवाल्यांच्या भट्ट्या पेटत असायच्या, पाळण्यांची जुळवाजुळव चाललेली असायची. तो मैदानातल्या रिकाम्या सतरंजीवर एका कडेला बसायचा. पडदे टांगून बघताना एकेक खाली सोडत. महाल यायचा, जंगल यायचं, आणि मग तलाव. पहिल्या गावात, सानगडीला, तलाव सोडला तेव्हा वारा पडलेला होता. पडदा भिंतीसारखा लोंबत राहिला. ताराचंद तासभर थांबला. ऊन कललं, शेतांकडून झुळूक आली, कापड पोटातून फुगलं, मागे गेलं. कुंतानं टाच उचलली, थांबली, टेकली. त्यानं दोन्ही हात सतरंजीवर टेकले. कोणीतरी माईकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं. पाच मिनिटांनी पडदा वर ओढून घेतला. नाटकाला तो थांबला नाही. शेवटची एसटी सापडेल अशा बेतानं उठला.

पाचव्या गावात निकेशनं त्याला हटकलं. हे म्हातारबाबा प्रत्येक ठिकाणी दिसतात आणि नाटकाआधीच निघून जातात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पेंटर कोण ते कळल्यावर तो खूशच झाला. सीझन संपला की येऊन एवढी डागडुजी करून द्या म्हणाला, आणि ताराचंद तुमसरला त्याच्या गोदामात चार दिवस जाऊन राहिला. कुरतडलेला कोपरा त्यानं नव्या कापडानं सांधला. आभाळाला नीळ दिली, पाणी पुन्हा पाण्यासारखं केलं, मोहाच्या झाडांत पालवी घातली. चौथ्या दिवशी जांभळा रंग कालवला, बारीक कुंचला घेतला आणि त्या दोन वितींच्या बाईसमोर बसला. रंग वाटीत वाळून गेला तरी तो तसाच बसून होता.

"हे बाई राहिली न," निकेश म्हणाला. "पार फिक्की झाली. मागच्याले दिसत बी नसंन."

"राहू दे," ताराचंद म्हणाला. "ते मी त्या वक्ती पाहून काढली होती. आता नाही जमत."

निकेशला पूर्ण कळलं असेल की नाही कोण जाणे, पण थोड्या वेळानं तो म्हणाला, "असं करा बाबा, मले याच मापाचा दुसरा तलाव काढून द्या अन् हा तुमी घेऊन जा. तुमच्या हातचा हाय, तुमीच ठेवा."

ताराचंद घरी आला आणि दोन दिवस त्याच विचारात राहिला. घराच्या आढ्याखाली वीस फूट पडदा टांगायला जागा नव्हती. अंगणात टांगला तर ऊन खाईल, पाऊस खाईल. म्हणजे तो बांबूला गुंडाळून अंथरुणाशेजारी भिंतीकडेला ठेवायचा. आपल्या घरात, आपल्या मालकीचा, आणि गुंडाळलेला. मिलच्या माळ्यावर तरी वेगळं काय होतं? मेघा म्हणत होती, घेऊन या बाबा, निदान हक्काचा होईल. तिचं म्हणणं त्याला पटत होतं, नव्हतं असं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की हात लांब करून तो बांबू चाचपता आला असता, एवढ्यासाठीही त्याचं मन ओढ घेत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं निकेशला फोन केला. दुसरा तलाव काढून देतो म्हणाला, पण हाही तुझ्याकडेच राहू दे. फक्त लावत जा, आणि मंडईच्या तारखा कळवत जा.

निकेशनं शब्द पाळला. यंदाही दिवाळीनंतर मेघाच्या मोबाईलवर यादी आली, तिनं वरठीहून वाचून दाखवली आणि ताराचंदनं ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून घेतली. पहिलं गाव पालांदूर होतं. मेघा म्हणाली, थांबा, मीही येते. ती सकाळच्या गाडीनं आली. दोघं मैदानात पोचले तेव्हा बांबू नुकते रोवून झाले होते आणि वारा बरा सुटला होता. ताराचंदनं शेजारची सतरंजी हातानं झाडली आणि मेघाला म्हणाला, "इथं बस. इथून चालताना दिसते."